क्रेनची चाके आणि रुळाचा माथा

कारखान्याच्या गाळ्यात डोक्यावरून ये-जा करणारी ओव्हरहेड क्रेन पाहणाऱ्याची नजर स्वाभाविकपणे आकड्याला टांगलेल्या ओझ्याकडे जाते. परंतु ते ओझे, ते उचलणारी ट्रॉली आणि या दोहोंना तोलून धरणारा लांबलचक पोलादी पूल हे सारे अखेर ज्या चार चाकांवर विसावलेले असते, त्या चाकांचे व त्यांच्याखालच्या रुळांचे नाते किती नाजूक हिशेबावर उभे आहे, याची जाणीव प्रेक्षकाला तर नसतेच, पण झिजलेल्या चाकाच्या जागी नवे मागवणाऱ्या भांडारपालालाही बहुधा नसते. रुळाच्या माथ्याची रुंदी मोजावी, तो मावेल एवढे अंतर चाकाच्या दोन कडांमध्ये ठेवावे आणि मागणीपत्र रवाना करावे, एवढाच त्याचा शिरस्ता.

रूळ सपाट आणि चाक वर्तुळाकार, तेव्हा भूमितीच्या दृष्टीने दोहोंचा स्पर्श केवळ एका रेषेत व्हावयास हवा, आणि रेषेला क्षेत्रफळ नसल्यामुळे तेथील दाब अनंत व्हावयास हवा. तसे होत नाही, कारण पोलादही दबते. ते किती दबते याचे गणित हाइन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1881 साली, चोविशीच्या उंबरठ्यावर असताना, बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांचा साहाय्यक म्हणून काम करीत असता मांडले. आणि मौज अशी की त्याच्या डोळ्यांपुढे क्रेन नव्हती की रेल्वे नव्हती, तर एकमेकांवर ठेवलेल्या काचेच्या भिंगांमध्ये दिसणारी प्रकाशाची रंगीत वलये होती.

एक दाखला घेऊ. क्रेन 20 टन उचलणारी, रुळांमधील अंतर 20 मीटर, पुलाचे वजन 16 टन व ट्रॉलीचे 5 टन. पुलाचा भार चारही चाकांवर सारखा, म्हणजे प्रत्येकी 4 टन. पण भरलेली ट्रॉली एका रुळापासून मीटरभर अंतरावर आली की तिच्या 25 टनांपैकी जवळजवळ सगळाच भार त्या बाजूच्या दोन चाकांवर जातो आणि प्रत्येक चाकाखाली सुमारे 16 टन पडतात. रिकामी ट्रॉली पलीकडच्या टोकाला असताना त्याच चाकावर जेमतेम 4 टन उरतात. पोलादाची थकावट हळूहळू साचत जाणारी असल्यामुळे केवळ कमाल भार धरणे उधळेपणाचे होईल. म्हणून युरोपीय नियमावलीत कमाल भाराची दुप्पट अधिक किमान भार यांस तिनाने भागण्याचा संकेत आहे. आपल्या दाखल्यात उत्तर 12 टन येते. हा भार, चाकाचा व्यास आणि रुळाच्या माथ्याची उपयुक्त रुंदी यांच्या गुणाकाराने भागला असता येणारा आकडा पोलादाच्या प्रतीनुसार मुक्रर केलेल्या मर्यादेत बसला पाहिजे.

‘उपयुक्त’ या विशेषणाकडेच भांडारपालाचे दुर्लक्ष होते. जर्मन मापाच्या ए-65 रुळाचा माथा 65 मिलीमीटरांचा खरा, पण त्याचे दोन्ही कोपरे 6 मिलीमीटर त्रिज्येने गोलावलेले असतात, आणि गोलाईवर चाक टेकत नाही; सपाट माथा उरतो तो 53 मिलीमीटरांचा. मध्यम प्रतीच्या पोलादास 5.6 न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर ही मर्यादा धरली, आणि गतीचे व कामाच्या राबत्याचे गुणक तूर्त बाजूस ठेवले, तर व्यास 400 मिलीमीटरांच्या आसपास येतो. खर्च वाचवण्यासाठी ए-45 रूळ घातला, की तोच व्यास 568 वर जातो आणि प्रचलित मापांपैकी 630 चे चाक घ्यावे लागते. रुळात वाचवलेले पैसे चाकात जातात, हे सांगण्यास गणिती लागत नाही. कामाच्या राबत्याचा गुणक मात्र फार काळ दूर ठेवता येत नाही. जलविद्युतगृहातील क्रेन जनित्राचा अवजड रोटर क्वचितच उचलते; पोलाद वितळवणाऱ्या भट्टीवरील क्रेन भरलेले पात्र अहोरात्र वाहते. दोघींना एकच चाक देणे हा शुद्ध अविचार ठरेल.

हर्ट्झच्या सूत्रात हेच आकडे घातले, तर 12 टनांचा भार अवघ्या साडेचार मिलीमीटर रुंद आणि 53 मिलीमीटर लांब अशा पट्टीवर, म्हणजे टपालाच्या तिकिटाहूनही लहान जागेवर, टेकलेला दिसतो, आणि मध्यरेषेवरील दाब 640 न्यूटन प्रति चौरस मिलीमीटरच्या घरात जातो. याहून विलक्षण गोष्ट अशी की पोलाद सरकवू पाहणारे कर्तन-बल पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या खाली सुमारे पावणेदोन मिलीमीटरांवर सर्वांत प्रबळ असते. तडा तेथे, नजरेआड जन्मतो. म्हणूनच चाकाला वरवरचा पातळ कठीण थर देणे फसवे असते. थर त्या खोलीच्या बराच खाली उतरला नाही, तर खवल्याखवल्यांनी निघू लागतो.

आता कडांकडे वळू. रेल्वेच्या डब्याची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली आणि किंचित शंकूच्या आकाराची असल्याने ती स्वतःला मध्यावर आणू शकतात, म्हणून त्यांना आतल्या बाजूस एकच कड पुरते. क्रेनची समोरासमोरची चाके वीस मीटर दूर व स्वतंत्र आसांवर. त्यांना दोन्ही बाजूंची कड लागते आणि कड व माथा यांमध्ये प्रत्येक बाजूस काही मिलीमीटरांची मोकळीक लागते. ती फार कमी ठेवली, तर वीस अंशांच्या तापमानफरकानेच वीस मीटरांचा पूल पाच मिलीमीटर वाढतो व कडा रुळाला आवळतात. फार जास्त ठेवली, तर क्रेन तिरकी होते: एका बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांत 4 मीटर अंतर असेल आणि एकूण मोकळीक 20 मिलीमीटरांची असेल, तर पुलाचे एक टोक दुसऱ्याच्या 10 सेंटीमीटर पुढे जाऊ शकते. अशा क्रेनच्या रुळाखाली चमकदार लोखंडी कीस पडलेला आढळतो, आणि समोरासमोरच्या नव्हे तर कर्णावरच्या चाकांच्या कडा झिजलेल्या सापडतात. माथा मोजावयाचा तोही एका जागी नव्हे. जुन्या रुळाचा माथा चेपून त्याला दोन्ही बाजूंस ओठ फुटलेले असतात.

तिरकेपणाचे दुसरे कारण चाकांच्या जोडीत असते. दोन्ही बाजूंची चालक चाके एकाच गतीने फिरत असता एकाचा व्यास 500 आणि दुसऱ्याचा 499 असला, तर 100 मीटरांच्या फेरीत दुसरी बाजू 20 सेंटीमीटर मागे पडते, आणि ही तूट कडांच्या घर्षणानेच भरून निघते. म्हणून चालक चाके जोडीनेच बदलावीत, अथवा दोन्ही लेथवर चढवून एकाच व्यासाला तासावीत. हा व्यास मोजण्यास जाणता फिटर कॅलिपरवर विसंबत नाही. तो परिघाभोवती पातळ पोलादी फीत गुंडाळतो, जिच्यावर परिघाऐवजी थेट व्यासाचेच आकडे कोरलेले असतात, आणि दोन्ही चाकांवर ती कडेपासून सारख्याच अंतरावर धरतो, कारण जुन्या चाकाच्या मधोमध रुळाने आपल्या माथ्याएवढी पन्हळ पाडलेली असते.