अ‍ॅक्सलचा श्वास

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन; पण 'श्वास' या शब्दाचा एक अर्थ मला चिपळूणच्या गॅरेजात कळला.

1991 चा पावसाळा. आमच्या भाईजाननी लष्कराच्या लिलावातली जुनी निसान वन-टन घेतली होती. निसानच्या आराखड्यावर जबलपूरला बांधलेली, चारही चाकांनी ओढणारी गाडी. ओढे तुडवत ती लाकडं वाहायची. एकदा कुंभार्ली घाट उतरताना भाईजाननी ब्रेक दाबला. मागच्या एका चाकाने धरलं, दुसऱ्याने धरलंच नाही. गाडी मागून घसरली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी मी बसलो होतो.

मेस्त्रीचाचांनी चाक उघडलं. ब्रेकचं लायनर तेलाने चिंब!

"सील गेलं असेल चाचा, नवं टाका."

"बेटा, महिन्यापूर्वीच टाकलंय. ते पुन्हा का गेलं, ते आधी बघू."

त्यांनी अ‍ॅक्सलच्या माथ्यावरची बोंडाएवढी टोपी काढली. तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजली होती. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही, तर ती तेलाला सीलबाहेर ढकलते. तेल थेट ब्रेकवर. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात थंड झाला, की उलट होतं. आतली हवा आकसते आणि पाणी शोषलं जातं. मग तेल दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजतं.

चाचांनी त्या दिवशी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. तेल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडवायचा. तो गंजून अडकला असेल आणि आपण खालचं तेल सोडून बसलो, तर गाडी जागीच अडकली. दुसरी गोष्ट पुढच्या चाकाची. जॅक लावून चाक वर-खाली हलवायचं. हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचं. हलणं थांबलं, तर बेअरिंग सैल. तरीही हललं, तर किंगपिन झिजलेली.

ब्रीदर रॉकेलने धुऊन, फुंकर मारून चाचांनी परत बसवला. नवं सील, नवं लायनर, नव्वद नंबरचं तेल. पैसे लागले ते यांना. ब्रीदरला फक्त फुंकर लागली.

त्यानंतर ओढा ओलांडला, की भाईजान गाडीखाली वाकून आधी ती टोपी बघत.