‘देवाजवळ तुमचे नाव घेतो’... पण त्या शब्दाचे पुढे काय?

रत्नागिरी - शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या शेजाऱ्याला किंवा नोकरी गेलेल्या मित्राला ‘काळजी करू नका, देवाजवळ तुमच्यासाठी मागणे मागतो,’ असे आपण सहज सांगून जातो. बोलताना भावना खरी असते. पण घरी पोचेपर्यंत कामांच्या गर्दीत ती गोष्ट मागे पडते. उसने पैसे राहिले, तर मागायला माणूस दारात येतो. हा शब्द राहिला, तर विचारायला कोणीही येत नाही. तो पाळला की नाही, हे केवळ देणाऱ्यालाच ठाऊक असते. कोकणातील गावरहाटीने मात्र या विसराळूपणावर आपल्या परीने उपाय शोधलेला दिसतो.

गाऱ्हाणे मोठ्यानेच का?

रत्नागिरी जिल्ह्यातील गावांत ग्रामदेवतेसमोर ‘गाऱ्हाणे’ घालण्याची प्रथा आहे. गुरव किंवा गावातील मानकरी देवासमोर उभा राहतो, ज्याच्यासाठी मागायचे त्याचे नाव घेतो आणि त्याची अडचण सांगून रक्षण करण्याची विनंती करतो. जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. ज्याच्यासाठी गाऱ्हाणे घातले जाते, तो अनेकदा तेथे नसतोच. मुंबईतील चाकरमान्यासाठी गावातला भाऊ किंवा काकी नारळ घेऊन देवळात जाते.

या प्रथेत तीन गोष्टी आपोआप साधतात. नाव घ्यावे लागते, त्यामुळे मागणे मोघम राहत नाही. ते मोठ्याने म्हणावे लागते, त्यामुळे मनातल्या मनात राहून जात नाही. शिवाय चार माणसे साक्षीला असतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, तेव्हा आधी बोललेले नवस फेडले जातात. रत्नागिरी शहरात श्री देव भैरीच्या पालखीची अशीच वाट पाहिली जाते. शब्दाला अशी मुदतही मिळते.

नवस कोणी फेडायचा?

गाऱ्हाणे आणि नवस यांत फरक आहे. गाऱ्हाणे हे मागणे. नवसात काम झाल्यावर काहीतरी करण्याची हमी असते. नातवासाठी आजी नवस बोलते, तेव्हा बांधली जाते ती आजी. तिच्या हयातीत तो फिटला नाही, तर घरची माणसे तो आपल्यावरचे देणे मानतात. म्हणूनच अनेक घरांत वडीलधाऱ्या बायका राहिलेला नवस सुनेच्या कानावर घालून ठेवतात.

अडचण होते ती दुसऱ्याच्या वतीने हमी दिल्यावर. ‘मुलगा बरा झाला, की तो देवळापर्यंत चालत येईल,’ असे आई बोलून बसते आणि मुलाची त्याला तयारी नसते. गणपतीपुळ्याला डोंगरच देवस्वरूप मानला जातो आणि प्रदक्षिणा त्या डोंगराभोवती घातली जाते. ती घालायची, तर आपल्या पायांनी घालण्याचा शब्द द्यावा, हे उत्तम.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे राज्यातील देवळे बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी खुली झाली. त्या काळात देवळात जाऊन नवस फेडणे शक्य नव्हते. घरच्या देव्हाऱ्यासमोर कोणाचे तरी नाव घेण्यास मात्र कसलीच आडकाठी नव्हती.

सर्व धर्मांत हाच शब्द

पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला ‘आमचाही नमस्कार सांगा’ म्हटले जाते. हजला जाणाऱ्यांना शेजारीपाजारी दुवेसाठी आपली नावे सांगतात. ख्रिस्ती प्रार्थनासभेत आजाऱ्यांचा नावानिशी उल्लेख होतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणारे पसायदान तर साऱ्या विश्वासाठीच आहे.

अशा प्रार्थनेने रुग्ण बरा होतो का, याची तपासणी अमेरिकेत झाली. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरील हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा रुग्णांना वैद्यकीय लाभ दिसला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे, हे नक्की ठाऊक असलेल्यांत गुंतागुंतीचे प्रमाण ५९ टक्के होते. ज्यांना खात्री नव्हती, पण ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली, त्यांच्यात ५२ टक्के. प्रार्थना उपचारांची जागा घेऊ शकत नाही, एवढे यातून स्पष्ट व्हावे. मात्र ओळखीच्या माणसाने दिलेला शब्द हा प्रश्न वेगळा आहे. खाटेवर पडलेला माणूस ‘कोणीतरी आपली आठवण ठेवून आहे,’ या भरवशावर रात्र काढत असतो. तो भरवसा खोटा ठरू नये, इतकेच आपल्या हाती असते.

शब्द पाळण्यासाठी

शक्य असेल, तर त्याच क्षणी, त्या व्यक्तीसमोरच दोन ओळींची प्रार्थना करावी. नंतर करायची असेल, तर नाव दिनदर्शिकेवर किंवा देव्हाऱ्याजवळच्या वहीत लिहावे. ‘रोज करीन’ म्हणण्यापेक्षा ‘शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी करीन’ असे निश्चित सांगावे. त्यानंतर दूरध्वनी करून प्रकृतीची चौकशी करावी. विसर पडलाच, तर तो कबूल करून आजपासून सुरुवात करावी.

ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याने केवळ रीत म्हणून हा शब्द देऊ नये. ‘रुग्णालयात उद्याचा डबा मी आणतो,’ असे सांगावे आणि दुसऱ्या दिवशी तो वेळेवर पोचवावा.