शेजारचे दात बघा, मग ठरवा

ढाणकी, बिटरगाव, उमरखेड या पट्ट्यात दाढ दुखायला लागली की आधी लवंग, मग तंबाखूची चिमूट, मग मेडिकलमधली गोळी आणि शेवटी ‘काढूनच टाका डॉक्टर’ असा क्रम ठरलेला असतो. दुखणं थांबलं की माणूस सोयाबीन-हळदीच्या कामाला लागतो. दोन-तीन वर्षांनी त्या बाजूने भाकर चावता येईनाशी झाली की दात बसवायची आठवण होते, आणि मग पहिला प्रश्न असतो, ‘फिक्स दात किती रुपयांत बसेल?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न शेजारच्या दातांचा.

दात गेल्यावर तोंड स्वस्थ बसत नाही. मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि मधल्या फटीत अन्न अडकून चांगले दातही किडू लागतात. मुळाचा आधार गेल्याने जबड्याचं हाड झिजतं. दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची जवळपास निम्मी रुंदी कमी होते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून उशीर झाला की पर्याय कमी होत जातात.

मात्र गेलेला प्रत्येक दात बसवायलाच हवा असंही नाही. अक्कलदाढ कुणी बसवत नाही. तिच्या पुढची शेवटची दाढ गेली आणि बाकीचे दात वर-खाली नीट जुळत असतील, तरी चावणं भागतं. नेदरलँड्समधले दंतवैद्य आर्न्ड कायझर यांनी १९८१ साली हेच मांडलं होतं. ‘ही जागा रिकामी ठेवली तर चालेल’ असं सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवा, तो तुमचे पैसे वाचवतोय.

आता ब्रिज. मधला दात गेला की दोन्हीकडचे दात चहूबाजूंनी घासून बारीक करतात आणि तीन जोडलेल्या कॅप त्यांवर सिमेंटने बसवतात. दोन-तीन खेपांत काम होतं. पण घासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. शेजारच्या दातांत आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल किंवा रूट कॅनाल झालेलं असेल, तर त्यांना तशीही कॅप लागणारच असते; तिथे ब्रिज उत्तम. दोन्ही बाजूंचे दात धडधाकट असतील तर एका दातासाठी दोन निरोगी दात घासणं मला पटत नाही. पुढचा एखादाच दात गेला असेल तर मागून पंखासारखी पट्टी चिकटवून, जवळजवळ न घासता दात बसवता येतो. यवतमाळ जिल्ह्यात काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या डागाळलेल्या दातांवर ही चिकटवण कमी धरते, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं.

इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लागत नाही. टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडात बसवतात, हाड त्याला घट्ट धरतं आणि तीन ते सहा महिन्यांनी वर कॅप चढते. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना हाड टायटॅनियमला धरतं हे १९५२ साली सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाला त्यांनी असे स्क्रू बसवले आणि २००६ मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते शाबूत होते. इतका टिकाऊ उपाय, पण त्याला धरायला हाड, निरोगी हिरड्या आणि ताब्यातली साखर लागते.

आणि इथे खर्रा आडवा येतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याची पुडी खिशातून गेलेली नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा पांढरी, ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. दोन बोटंही आत जात नसतील, तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल जाणार कसं? माप घ्यायचा ट्रेसुद्धा जात नाही. अशा रुग्णाने इम्प्लांटआधी खर्रा सोडणं आणि तोंडाची तपासणी करून घेणं गरजेचं आहे, कारण हाच आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो.

काढता-घालता येणारा प्लास्टिकचा दात सगळ्यांत स्वस्त, हजार-दोन हजारांत होतो. रात्री काढून पाण्यात ठेवायचा. एकाच दाताची छोटी कवळी सैल झाली की घशात जाण्याचा धोका असतो, तेव्हा ढिली वापरू नका. खासगी दवाखान्यात तीन कॅपचा ब्रिज ढोबळमानाने दहा ते पंचवीस हजार, तर इम्प्लांट कॅपसह पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातं. त्यात बसभाडं आणि बुडालेली मजुरी धरा. ढाणकीहून यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. तिथे डेंटल कॉलेज आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहेत. कॉलेजात वेळ जास्त लागतो, खर्च कमी.

बाजारात बसून तासाभरात ‘फिक्स दात’ लावून देणाऱ्यांपासून मात्र जपा. ते शेजारच्या दातांना तार बांधून त्यावर प्लास्टिक ओततात. खाली अन्न कुजतं, हिरड्या सडतात आणि वर्षा-दोन वर्षांत चांगले दातही हलू लागतात. एका दाताच्या जागी तीन जातात. दवाखान्याच्या भिंतीवर राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, हे बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इम्प्लांट बसवलं तर त्याच्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या आणि आधार कार्डासोबत जपून ठेवा. त्यावर कंपनीचं नाव, स्क्रूची जाडी आणि लांबी असते. पाच वर्षांनी कॅप ढिली झाली आणि तुमचे डॉक्टर गाव सोडून गेले असतील, तर दुसऱ्या डॉक्टरला नेमका कोणता पाना लागेल, हे त्या स्टिकरवरूनच कळतं.

दाढ अजून तोंडात असेल, तर ती काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा: ही वाचेल का, आणि नाही वाचली तर इथे पुढे काय बसवायचं?