चिखलावर वसलेली राजधानी

गोव्याची राजधानी पणजीला आली ती हौसेने नव्हे, नाइलाजाने. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर पोर्तुगिजांनी आपला सारा डामडौल मांडला तो मांडवीच्या वरच्या अंगाला, आजच्या जुन्या गोव्यात. पणजी तेव्हा ताळगावचा एक वाडा. माड, शेतं, दलदल आणि नदीकाठी आदिलशहाचा राजवाडा, एवढंच तिचं वैभव.

जुन्या गोव्याला दगा दिला तो पाण्याने. विहिरी नासल्या, पटकी आणि हिवतापाने माणसं गेली, उरलेली पांगली. व्हाइसरॉयने १७५९ मध्ये मुक्काम पणजीच्या राजवाड्यात हलवला. राजधानी म्हणून शिक्कामोर्तब व्हायला मात्र १८४३ उजाडलं. ऐंशीहून अधिक वर्षं कारभार एकीकडे आणि मान दुसरीकडे. लिस्बनच्या दप्तराला घाई कसली?

मधल्या काळात दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु या शासकाने वाळूचे ढीग सपाट केले, दलदली बुजवल्या, सरळ रस्ते आखले. आजची नेटकी पणजी बऱ्याच अंशी त्याची. भराव टाकणाऱ्या मजुरांची नावं अर्थात कुठल्याच रस्त्याला नाहीत.

पर्यटक चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढतात, काढोत. माझ्या मते या शहराची खरी थोर वास्तू म्हणजे रायबंदरला जाणारा दगडी पूल. सतराव्या शतकात, १६३०च्या दशकात, काउंट लिन्यारिस या व्हाइसरॉयने तो बांधवला. तीन किलोमीटरच्या आसपास लांबी, दोन्ही बाजूंना खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, आणि मिठागरं. बांधणाऱ्यांनी पाणी अडवलं नाही. भरती-ओहोटीला ये-जा करता यावी म्हणून कमानी ठेवल्या. त्यावरून आजही गाड्या धावतात. मांडवीवरचा विसाव्या शतकातला पहिला मोठा पूल मात्र १९८६च्या पावसाळ्यात कोसळला. त्याला वीस वर्षंही झाली नव्हती.

पाण्याला वाट ठेवणारं खाजन शेतीचं गणितही असंच सोपं होतं. खारं पाणी बांधाबाहेर ठेवायचं आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या दारांच्या, झडपांतून पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं. १९६१च्या मुक्तीनंतर शहर झपाट्याने वाढलं. पाटोच्या पाणथळीवर बसस्थानक आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, सांतिनेजच्या खाडीचा नाला झाला. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की मळा हा भाग आणि १८ जून रस्ता पाण्याखाली जातात, आणि दोष पावसाला दिला जातो. पाऊस तोच आहे. त्याची वाट आपण बुजवली.

अलीकडे स्मार्ट सिटीच्या नावाने शहर पुन्हा पुन्हा खणलं गेलं. आता पुढचा रुपया रस्त्याच्या काँक्रीटवर नको. आधी सांतिनेजची खाडी मोकळी करा, मानशी दुरुस्त करा आणि उरलेल्या खाजनांवर भराव टाकणं थांबवा.