बोल आधी, हात नंतर

पखवाज शिकवताना बोल आधी तोंडात बसवतात, हात वाद्यावर नंतर पडतो. या म्हणण्याला पढंत म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी हा वाद्यप्रकार मैफलीत गाजवला. गावोगावच्या सप्ताहात तोच मृदंग होऊन कीर्तनकाराच्या साथीला गळ्यात अडकतो. पढंतीला वाद्य लागत नाही, हे या जिल्ह्यात विशेष सोयीचे. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले पोरही फडावर बोल घोकू शकते.

चौताल १२ मात्रांचा: धा धा । दीं ता । किट धा । दीं ता । तिट कत । गदि गन. पहिल्या, पाचव्या, नवव्या, अकराव्या मात्रेला टाळी. तिसऱ्या, सातव्या मात्रेला खाली. ‘धा’ दोन्ही हातांचा, ‘ता’ एकट्या उजव्याचा. म्हणजे बोल उच्चारतानाच हाताला काम कळते.

कानाचा तयार मुलगा ठेका लगेच उचलतो, पण कितवी मात्रा चालू आहे विचारले की गप्प. वहीत उतरवून घेणाऱ्याचे आकडे चोख असतात आणि लय पळते. एखाद्याला यातले काहीच जमत नाही. टाळ देऊन पावलीत उभा केला, की सम, म्हणजे पहिली मात्रा, त्याला आधी पायात सापडते.

खरी अडचण दुगुणीत येते. टाळीची चाल तीच ठेवून एका आवर्तनात ठेका दोनदा म्हणायचा असतो. हात तोंडामागे धावू लागतो. अशा वेळी टाळी गुरूने धरावी, विद्यार्थ्याने नुसते म्हणावे. मग अदलाबदल करावी. दोन्ही त्याच्याकडे शेवटी द्यावे.

पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे, ही नील फ्लेमिंग यांची १९९२ ची वर्गवारी शाळांत बरीच रुजली. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा शिकण्याच्या शैलींविषयीचे संशोधन तपासले, तेव्हा ज्याच्या त्याच्या शैलीने शिकवल्यास जास्त येते, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मुलांचे कल निराळे असतातच. पण लयीला कान, तोंड, हात सगळेच लागतात. म्हणून वहीवाल्याला टाळ द्यावा आणि कानवाल्याला मात्रा मोजायला बसवावे.

पढंत पक्की झाली की वाद्य. डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. ती किती, याचे माप नाही. थोडी लावायची, थाप मारून घुमारा ऐकायचा, आवाज फार खाली गेला तर बोटाने खरवडून काढायची.