दवाखान्याच्या दारातील नैराश्य

नैराश्याने ग्रासलेला मनुष्य डॉक्टरांकडे जातो तेव्हा ‘मी निराश आहे’ असे तो क्वचितच सांगतो. अंग मोडून येते, डोके जड असते, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, ह्या त्याच्या तक्रारी असतात. शक्तिवर्धक गोळ्या घेऊन तो परततो. दुखणे तसेच राहते.

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर १९७४ साली स्थापन झालेली निम्हान्स ही संस्था आहे. एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीपासून ती फार दूर नाही. तरीही तेथील रहिवासी प्रथम गाठतो तो कोपऱ्यावरचा दवाखानाच. ह्याच संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळून आले. ही उणीव केवळ मनोविकारतज्ज्ञांकडून भरून निघणे शक्य नाही.

मग साध्या डॉक्टरांनी हा विकार ओळखावयाचा कसा? दोन प्रश्नांनी आरंभ करता येतो : गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होते काय? नेहमीच्या गोष्टींतील गोडी नाहीशी झाली आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास झोप, भूक, थकवा, एकाग्रता आणि अपराधीपणाची भावना ह्यांची चौकशी करावी. जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्टपणे विचारावे. अशा प्रश्नाने आत्महत्येचा विचार मनात रुजतो हा समज खोटा आहे; उलट, कोणीतरी विचारले ह्यानेच रुग्णाला हायसे वाटते. रक्तक्षय आणि थायरॉइड ग्रंथीचे विकारही अशीच लक्षणे दाखवितात. तेव्हा त्यांची तपासणी अगत्याची होय. पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले होते काय, हेही पाहावे. कारण अशा रुग्णास केवळ नैराश्याचे औषध दिल्यास अपाय होऊ शकतो.

सौम्य विकारात धीर देणे, दिनक्रम पुन्हा बसविणे आणि समुपदेशन एवढे बहुधा पुरते. तीव्र विकारात फ्लुऑक्सेटीनसारखे औषध लागते. त्याचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे जातात. बरे वाटल्यावरही ते निदान सहा महिने चालू ठेवावे लागते. ह्या औषधाचे व्यसन लागत नाही. मात्र ते एकाएकी सोडू नये. आत्मघाताचा धोका दिसताच रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे.

गोव्यातील ‘मानस’ ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तेथे थोडेसे प्रशिक्षण दिलेले, तज्ज्ञ नसलेले समुपदेशक डॉक्टरांच्या साहाय्यास दिले होते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा साहाय्यामुळे सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. साहाय्य नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते. खाजगी डॉक्टरांकडे मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता; तेथे समुपदेशकाविनाही जवळजवळ तितकेच रुग्ण बरे होत होते. रुग्णाला नावाने आणि घरादारासह ओळखणारा डॉक्टर हेच त्याचे एक कारण असू शकेल.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. तथापि, दवाखान्यातील गर्दीत डॉक्टरांनी काढलेली पाच मिनिटे आणि विचारलेला एक साधा प्रश्न, ह्यांचे मोल त्याने कमी होत नाही.