पड टाकली की जमीन सुधारते?

परभणी जिल्ह्यातल्या वालूरचं नाव हल्ली गाजतं ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. बारवेभोवतीच्या काळ्या, भारी रानाची चर्चा फारशी होत नाही. थकलेलं रान काही वर्षं पड टाकलं की आपोआप सुधारतं, हा समज मात्र सगळीकडेच पक्का आहे.

त्याची सर्वांत लांबलेली परीक्षा इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात चालू आहे. तिथल्या जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट या संशोधक जोडीनं १८८२ साली ब्रॉडबाल्क शेतातल्या गव्हाचा एक तुकडा कापलाच नाही. कुंपण घालून सोडून दिला. तणांशी झुंजताना गहू चार वर्षांतच इतका खुरटला, की उरलीसुरली रोपं गव्हाची म्हणून ओळखू येईनात. (हजारो वर्षं माणसानं लाडावलेलं पीक ते!) पुढे तिथे झाडी माजली, मातीतला सेंद्रिय कर्ब आणि नत्र वाढले. १८८६ साली जवळचाच गीसक्रॉफ्टचा तुकडाही असाच सोडला. झाडी तिथेही झाली, पण सातच्या आसपासचा सामू शतकभरात साडेचारच्या खाली घसरला, म्हणजे माती आंबट झाली. फरक चुनखडीचा होता: ब्रॉडबाल्कवर जुन्या शेतकऱ्यांनी ती भरपूर टाकली होती. गीसक्रॉफ्टच्या वाट्याला ती तेवढी आली नव्हती.

मराठवाड्याच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, म्हणून ती अशी आंबट होत नाही. चराई रोखली तर कर्ब हळूहळू चढतो. बाभूळ मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवते. शेंगा धरणारा तरोटा मात्र गाठींच्या बाबतीत कोरडाच. स्फुरद हवेतून येत नाही, आणि असतो तोही चुना जखडून ठेवतो.

खरी गोम खालच्या थरात आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतले डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उलगडली. या कामाचं व्हावं तेवढं कौतुक झालं नाही. कमी पावसाच्या मुलखात कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो, चिकणमातीवर सोडियमचा वाटा वाढतो, ओली माती लापशीसारखी विरघळते आणि पाणी मुरेनासं होतं. जमीन चोपण होते ती अशी. नांगर थांबला म्हणून ही क्रिया थांबत नाही.

त्यामुळे पडीक रान म्हणजे कर्बाची हमखास ठेव, हा प्रचार जपूनच ऐकावा. कर्ब वाहत्या रानातही वाढतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं १९७६ पासून काळ्या मातीत रुंद वरंबा-सरी, तूर आणि खतांची जोड देऊन पिकं घेतली; पारंपरिक वहितीपेक्षा तिथे कर्ब जास्त साठला.

रान पड टाकण्याआधी माती तपासून घ्यावी. मृदा आरोग्य पत्रिकेच्या बारा घटकांत सोडियम नाही आणि नमुनाही वरच्या थराचाच असतो. खालच्या थराची तपासणी वेगळी मागावी.